पुढच्या चिमट्याचा पंचनामा

उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे कराड, वाळवा, पलूस, तासगाव या टापूतील सडकांवर रात्री एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडे निघतो. आणि ज्या ट्रॉलीच्या पाठीला ना लाल दिवा ना चकाकणारी पट्टी, ती ट्रॉली समोरच्या वाहनाच्या प्रकाशाने डोळे दिपलेल्या मोटारसायकलस्वाराला अगदी दहा-पंधरा हातांवर येईतो दिसत नाही. अशा धडकेतून स्वार दैवयोगाने खरचटण्यावर निभावला, तर दुसऱ्या दिवशी गाडी टेंपोत घालून गॅरेजात आणली जाते, आणि भोवती जमलेली मंडळी फुटलेला हेडलाइट, चेपलेला मडगार्ड, मोडलेले इंडिकेटर यांची मोजदाद करू लागतात. या मोजदादीला हरकत घेण्याचे कारण नाही. पण तीत जे नुकसान नोंदले जाते ते बहुधा सर्वांत स्वस्त असते. महाग आणि जिवावर बेतणारे नुकसान चाक आणि चासी यांच्या दरम्यान, पुढच्या चिमट्यात झालेले असते, आणि त्याचे माप मिलिमीटरच्या अंशांत असल्यामुळे ते कुणाच्या नजरेस पडत नाही.

हा चिमटा म्हणजे, ज्याला गॅरेजात सर्रास ‘शॉकअप’ म्हणतात, तो दोन नळ्यांचा संच होय. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत या पोलादी नळ्या सुमारे ३० मिलिमीटर व्यासाच्या असतात; त्यांचा पृष्ठभाग घासून तंतोतंत गोल केलेला व क्रोमचा मुलामा दिलेला असतो; वरच्या अंगाला त्या दोन ‘टी’मध्ये, म्हणजे आडव्या पकडींत, आवळलेल्या असतात, तर खालच्या अंगाला ॲल्युमिनियमच्या जाड नळ्यांत वरखाली सरकतात. आत स्प्रिंग आणि तेल. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग सोसते, आणि ती पुन्हा उसळू नये म्हणून तेल बारीक छिद्रांतून पुढेमागे ढकलले जाऊन तिचा आवेग जिरवते. तेलाने आवेग जिरवणारी ही योजना बी.एम.डब्ल्यू. या जर्मन कारखान्याने १९३५ साली आपल्या मोटारसायकलींवर आणली, आणि आज आपल्याकडील बहुतेक सर्व मोटारसायकली तिच्यावरच चालतात. तिची रचना नळीच्या लांबीच्या दिशेने येणारा मार सोसण्यासाठी केलेली आहे. धडकेचा मार मात्र समोरून, नळीला आडवा येतो, आणि नळी खालच्या ‘टी’च्या अगदी खालीच, जिथे तिला धरून ठेवणारी पकड संपते तिथे, मागच्या बाजूस वाकते.

साताऱ्याच्या माणसाला पुढच्या चिमट्याचे प्रकरण नवे नाही. १९७५ साली बजाज ऑटो आणि वेस्टर्न महाराष्ट्र डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन यांच्या भागीदारीत महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडू लागली. या स्कूटरने सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील शिक्षक, तलाठी, बँकेतील कारकून अशा कितीतरी कुटुंबांचा संसार वाहिला. तिची वंशावळ इटलीतील व्हेस्पापर्यंत पोचते. व्हेस्पाचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानियो हा मूळचा विमानविद्येतील अभियंता. त्याने विमानाच्या चाकाप्रमाणे पुढचे चाक एकाच बाजूने धरले, जेणेकरून पंक्चर झाल्यास ते चटकन काढता यावे. अशा स्कूटरची धडक झाली की तो एकुलता दांडा मागे जाई, मडगार्डची कड पायांपुढच्या पत्र्याला भिडू पाही, आणि मिस्त्री दांडा बाहेर काढून, लांब पाइपाची तरफ लावून, दोन गडी लटकवून तो पूर्ववत करीत. दांडा जाडजूड, वेग बेताचा, आणि दांड्यावर काहीही सरकत नसल्यामुळे थोडीफार कसर राहिली तरी खपून जाई. माझा तर्क असा की वाकलेले ते सरळ करून घ्यायचे हा आपल्याकडील गॅरेजांचा शिरस्ता या स्कूटरच्या जमान्यात पक्का झाला, आणि मोटारसायकलींनी स्कूटरना रस्त्यावरून हटवले तरी तो तसाच चालू राहिला. मोटारसायकलीच्या नळीला तो लागू पडत नाही. त्याचे कारण समजण्यासाठी प्रथम तपासणी कशी व्हावी ते पाहू.

हँडल ज्या कण्याभोवती फिरते तो कणा तिरपा असतो. त्याची रेषा मनाने खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर जिथे जमिनीला टेकतो त्या बिंदूच्या पुढे पडते. हे अंतर साधारण ८ ते १० सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि गाडी सरळ धावते, हात सैल सोडले तरी चाक आपोआप वाटेवर येते, याचे बरेचसे श्रेय या अंतराकडे जाते. नळ्या मागे वाकल्या की चाक मागे सरकते आणि हे अंतर वाढते. गावातल्या गावात स्वाराला काहीच जाणवत नाही. खंबाटकी घाट उतरताना किंवा महामार्गावर सत्तरचा वेग गाठताना मात्र हँडल लटपटू शकते.

आता, चाक हँडलशी वाकडे दिसते एवढ्यावरून नळ्या वाकल्याच, असा निकाल देण्याची घाई करू नये. पुष्कळदा नळ्या शाबूत असतात, आणि त्या ‘टी’च्या पकडीत नुसत्या पिळलेल्या असतात. आक्साचा नट आणि ‘टी’चे बोल्ट सैल करून, पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून हँडल जागेवर फिरवले आणि बोल्ट ठरल्या जोराने पुन्हा आवळले, तर असा पीळ एका पैशाच्या सुट्या भागावाचून निघतो. जाणत्या मिस्त्रीची परीक्षा इथेच होते, कारण या पायरीस बगल देऊन थेट नव्या संचाचे बिल करणे हे कुणालाही सोपे आहे.

पीळ काढूनही चाक सरळ येत नसेल तर नळ्या बाहेर काढाव्यात. काचेवर घरंगळवून पाहण्याची पद्धत ढोबळ वाकासाठी ठीक आहे. खातरजमा करायची तर नळी दोन व्ही-ब्लॉकांवर ठेवून, मध्यावर डायल गेज टेकवून, नळी सावकाश एक फेरा फिरवावी. काटा दोन टोकांच्या दरम्यान जितका हलतो त्याच्या निम्मा वाक समजावा, ही बाब अनेकजण विसरतात. होंडाच्या दुरुस्ती-पुस्तिकांत नळीच्या वाकाची कमाल मर्यादा सामान्यतः ०.२ मिलिमीटर दिलेली असते. अर्थात काटा ०.४ च्या पुढे गेला की नळी बाद. साताऱ्याच्या आणि सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत डायल गेज ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. ज्या मुलखात १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर घडू लागले, तिथल्या गॅरेजात मापाऐवजी नजरेवर भिस्त ठेवावी, हे मला पटत नाही.

मर्यादेबाहेर वाकलेली नळी प्रेसवर सरळ होते. निदान सरळ दिसते. परंतु वाकताना तिचा गोलाकार किंचित अंड्यासारखा झालेला असतो, आणि दाबून सरळ करताना तो पूर्ववत होत नाही. क्रोमच्या मुलाम्याला केसासारख्या चिरा जातात. पावसाळ्यात त्यांतून गंज शिरतो, त्याच्या कडा ऑइल सील कुरतडतात, आणि तेल ब्रेकच्या दिशेने ओघळते. तापवून सरळ करणे तर सर्वथा वर्ज्य, कारण उष्णतेने पोलादाची कमावलेली ताकद जाते आणि पुढच्या खेपेस नळी त्याच जागी, पहिल्यापेक्षा कमी धक्क्यात मान टाकते. यास्तव माझे मत स्पष्ट आहे: स्कूटरचा दांडा एकवेळ सरळ करावा, मोटारसायकलीची सरकती नळी बदलावी. 

नळ्या बाहेर असतानाच बाकीची झडती घ्यावी. चासीच्या मानेखाली, जिथे मुख्य नळी जोडलेली असते, तिथला रंग तडकला आहे का, पोपडा निघाला आहे का, हे बॅटरीच्या उजेडात पाहावे. रंगाची सुरकुती हा पोलाद हलल्याचा पुरावा असतो. ‘टी’चा हँडल अडवणारा खुंट मोडला असेल, टाकीला हँडलचा पोचा पडला असेल, तर मानेवर किती जोर आला त्याचा अंदाज येतो. हँडल हलके फिरवताना बरोबर मध्यावर खाच लागल्यासारखे अडले, तर कोनसेटच्या, म्हणजे हँडलच्या बेअरिंगच्या, गोळ्यांनी आपल्या वाटीत ठसे उमटवले आहेत असे समजून तो बदलावा. तारांच्या रिमला आउट आला असेल तर तो काढता येतो. अलॉय चाकाला चीर असेल तर वेल्डिंगचा मोह धरू नये. तेल दोन्ही बाजूंस मापाने सारखेच भरावे. सांगलीत २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत ज्या गाड्या पुराच्या पाण्यात राहिल्या, त्यांपैकी एखादीचे शॉकअप आजवर उघडलेच नसेल, तर आतून तेलाऐवजी दुधाळ काढा निघाल्यास नवल वाटू नये.

राहता राहिला कागदोपत्री भाग. अपघाताची फिर्याद झाली असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३६ अन्वये शासनाने अधिकार दिलेला अधिकारी वाहनाची तपासणी करू शकतो; पण तो पाहतो ते अपघातास यंत्रातील दोष कारण झाला काय एवढेच, आणि त्याचा अहवाल म्हणजे दुरुस्तीचा दाखला नव्हे. विम्याचा सर्व्हेयर रकमेचा हिशेब करतो. त्याने पाहण्यापूर्वी गाडी खोलली तर दावा अडकतो, आणि न खोलता पाहिली तर नळीचा वाक त्याला दिसत नाही. म्हणून पहिल्या पाहणीतच ‘खोलल्यावर पुन्हा तपासणी’ अशी नोंद करून घ्यावी. ऑइल सील, डस्ट सील यांसारख्या रबरी भागांवर निम्मी घट धरली जाते. धातूच्या भागांवर पहिल्या सहा महिन्यांत शून्य आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीस ४० टक्के. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस तृतीय पक्षाचा विमा पाच वर्षांचा सक्तीचा झाला, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. तो संपला आहे हे मालकाला अनेकदा गॅरेजातच कळते.

वाचकांना एवढीच विनंती की गाडी परत घेताना बदललेल्या नळ्या मागून घ्याव्यात, आणि विमा कंपनीने त्या ठेवून घेतल्या तर तशी पोच लिहून घ्यावी. कारण सरळ करून, पुसून, जुन्या बाजारात ठेवलेली नळी बाहेरून नव्यासारखीच दिसते, आणि ती दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसते.