पांढरकवड्याचे दोन हात

८ नोव्हेंबर २०२१. आंध्रातल्या मंगलगिरीत सय्यद मुश्ताक अली करंडकाचा विदर्भ-मणिपूर सामना. विदर्भाच्या २२२ धावांपुढे मणिपूरचा डाव ५५ धावांत आटोपला. त्यात अक्षय कर्णेवारचं पृथक्करण होतं : ४ षटकं, चारही निर्धाव, २ बळी. चोवीस चेंडू आणि एकही धाव नाही! पुरुषांच्या टी-ट्वेंटी क्रिकेटमध्ये हे आधी कुणालाच जमलं नव्हतं. प्रतिस्पर्धी दुबळा होता हे खरं; पण दुबळ्या संघाच्या बॅटची कडही चेंडूला लागतेच, आणि एखादी चोरटी धावही निघतेच. दुसऱ्या दिवशी सिक्कीमविरुद्ध त्याने हॅटट्रिकसह ५ धावांत ४ बळी घेतले.

अक्षय यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचा. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं, कापसाच्या मुलखातलं हे गाव. त्याची खरी अपूर्वाई मात्र त्या चार षटकांच्याही आधीची : तो दोन्ही हातांनी गोलंदाजी करतो. उजव्या हाताने ऑफस्पिन आणि डाव्याने ऑर्थोडॉक्स फिरकी.

फलंदाज उजवा असेल तर डावा हात, डावखुरा असेल तर उजवा. कारण साधं आहे : दोन्ही वेळा टप्पा पडल्यावर चेंडू फलंदाजापासून बाहेर जातो. एक धाव निघून डावखुरा समोर आला, की अक्षय पंचांना सांगतो, पंच फलंदाजाला सांगतात, साइटस्क्रीन सरकते, क्षेत्ररक्षक जागा बदलतात. न सांगता हात बदलला तर नियमाने नो-बॉल. सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईत तो क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षीय संघाकडून खेळत असताना ऑस्ट्रेलियन फलंदाजांनीही हा प्रकार अनुभवला.

अमेरिकेत बेसबॉलमध्ये असाच एक पिचर होता, पॅट वेंडेटी. ओमाहात वडिलांनी त्याला तिसऱ्या वर्षापासून दोन्ही हातांनी फेकायला शिकवलं. त्याच्या ग्लव्हला सहा बोटं होती, दोन्ही टोकांना एकेक अंगठा, म्हणजे तोच ग्लव्ह कोणत्याही हातात चढवता यावा. गंमत पाहा, त्याचा हिशेब अक्षयच्या नेमका उलट : डावखुऱ्याला डावा, उजव्याला उजवा. बेसबॉलचा चेंडू टप्पा न पडता हवेतच वळतो, आणि फलंदाजापासून दूर जायचा तर तो त्याच्याच बाजूच्या हातातून सुटावा लागतो. हेतू एकच, हात वेगळा. मला या दोन खेळांच्या नात्यातलं हेच सर्वांत सुंदर वाटतं.

२००८ मध्ये वेंडेटीसमोर दोन्ही बाजूंनी खेळणारा फलंदाज उभा राहिला. फलंदाजाने बाजू बदलली की वेंडेटी ग्लव्ह बदलायचा, त्याने ग्लव्ह बदलला की फलंदाज पुन्हा बाजू. खेळच थांबला. त्यानंतर नियम आला की आधी पिचरने हात जाहीर करायचा. वेंडेटी २०१५ मध्ये ओकलंडकडून मेजर लीगमध्ये उतरला.

अक्षय मात्र भारताच्या वरिष्ठ संघात आलेला नाही, आणि याची मला खंत आहे. कारण तो केवळ दोन हातांचा चमत्कार नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपूरजवळच्या जामठ्याला सौराष्ट्राविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात खालच्या क्रमांकावर येऊन त्याने नाबाद ७३ धावा काढल्या आणि विदर्भाने लागोपाठ दुसऱ्यांदा करंडक जिंकला. त्याच महिन्यात, त्याच मैदानावर इराणी चषकात शेष भारताच्या ३३० धावांना उत्तर देताना त्याने १०२ धावा ठोकल्या. विदर्भाच्या ४२५ झाल्या, सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर चषक विदर्भाकडेच राहिला. सामनावीर ठरला कर्णेवार, आणि तोही बॅटच्या जोरावर.