महिन्याचा करार
(शिकणाऱ्याच्या हाती : भाग ७)

विस्कॉन्सिन राज्यातलं वॉटरव्हिल हे छोटं खेडं. १९०४ साली हेलन पार्कहर्स्ट नावाची तरुण मुलगी तिथल्या एकशिक्षकी शाळेवर रुजू झाली. एक खोली, आठ इयत्ता, चाळीसेक मुलं. आपल्याकडे वस्तीशाळेत किंवा जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना यातली ओढाताण समजावून सांगायला नको. एका इयत्तेला शिकवायचं म्हणजे बाकीच्या साऱ्यांना काहीतरी लिहीत बसवायचं. पार्कहर्स्टबाईंनी खोलीचे कोपरे विषयांना वाटून दिले, मोठ्या मुलांना धाकट्यांच्या मदतीला लावलं आणि जो तो आपलं काम घेऊन हव्या त्या कोपऱ्यात बसू लागला. म्हणजे शिक्षणशास्त्रातल्या एका गाजलेल्या पद्धतीची सुरुवात एका अडचणीतून झाली.

पुढे मारिया माँटेसरींबरोबर त्यांनी काम केलं. माँटेसरीबाईंचा भर लहान मुलांवर होता. बारा-पंधरा वर्षांच्या मुलांचं काय, हा प्रश्न उरत होता. त्याचं उत्तर पार्कहर्स्ट यांनी १९२० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या डाल्टन गावच्या हायस्कुलात करून पाहिलं. त्या गावावरून पद्धतीचं नाव पडलं डाल्टन योजना.

योजना अशी. वर्षाचा अभ्यासक्रम महिन्यांत तोडायचा. दर महिन्याला प्रत्येक विषयाचं काम लेखी स्वरूपात मुलाच्या हाती द्यायचं: काय वाचायचं, काय लिहायचं, कोणते प्रयोग करायचे, सगळं आधीच. मुलानं ते करार म्हणून स्वीकारायचं. सकाळच्या वेळात घंटा नाही, तासिका नाही. वर्गखोल्या जाऊन विषयवार प्रयोगशाळा आल्या, इतिहासाचीसुद्धा प्रयोगशाळाच! तिथे त्या विषयाचे शिक्षक आणि पुस्तकं. गणितात जीव रमला तर आख्खी सकाळ तिथेच घालवा. भूगोल झटक्यात उरकत असेल तर उरका. किती झालं ते मुलानं स्वतः आपल्या आलेख-कार्डावर रेघ ओढून दाखवायचं.

एक अट मात्र कडक होती. सगळ्या विषयांचं या महिन्याचं काम पुरं झाल्याशिवाय आवडत्या विषयाचा पुढचा महिना उघडायचा नाही. स्वातंत्र्य म्हणजे मोकाट सुटणं, असं समजून या पद्धतीला नाकं मुरडणाऱ्यांनी ही अट बहुधा वाचलेलीच नसते.

आता खरी हरकत. करारातलं काम ठरवायचे शिक्षकच. मग मुलाचं स्वतःचं ध्येय कुठे आलं? हरकत रास्त आहे, आणि तिचं पुरतं निरसन डाल्टन योजनेत होत नाही. पण मला पार्कहर्स्ट यांचा क्रम पटतो. चाळीस मिनिटांनी घंटा झाली की मन एका विषयातून उपटून दुसऱ्यात रोवायचं, अशी दहा वर्षं काढलेल्या मुलाला एकदम ‘तुझं ध्येय काय?’ असं विचारलं, तर तो शेजारच्या दादाचं ध्येय सांगेल. आपल्याला कशात वेळ लागतो, कशात वेळेचं भान राहत नाही, हे आधी कळायला हवं. ते कळायला वेळ आपल्या ताब्यात असावा लागतो.

योजना वेगानं पसरली. लंडनमधल्या स्ट्रेटम इथल्या मुलींच्या शाळेत रोझा बॅसेट यांनी ती १९२० मध्येच सुरू केली. १९२२ मध्ये पार्कहर्स्ट यांचं पुस्तक आलं, १९२४ मध्ये त्या जपानला जाऊन आल्या. पुष्कळ ठिकाणी ती टिकली नाही, आणि कारण साधं होतं. महिन्याचं काम विचारपूर्वक लिहिणं हे तास घेण्यापेक्षा अवघड. ते जमलं नाही की उरतं ते ‘पान अमुक ते तमुक, प्रश्न एक ते दहा’. मग मुलं एकमेकांच्या वह्या उतरवणार, दुसरं काय! नेदरलँड्समध्ये मात्र डाल्टन शाळा आजही मोठ्या संख्येनं चालतात.

आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निवडीवर भर आहे. पदवीला मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेतला विषय घेता येतो, एका वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं, मिळवलेली क्रेडिट्स खात्यात जमा राहतात. हे चांगलंच आहे. पण वेळापत्रक, पंच्याहत्तर टक्के हजेरी आणि सर्वांची एकाच दिवशी परीक्षा जिथल्या तिथे. विषय तुमचा, वेळ आमची! त्यातही कॉलेजात जे शिक्षक आहेत त्यांचेच विषय यादीत येतात, आणि वाणिज्यच्या विद्यार्थिनीला संगीत घ्यायचं असेल तर दोन्ही तास नेमके मंगळवारी अकराला असतात.

डाल्टनमध्ये निदान काम पुस्तकी होतं, त्यामुळे ते कागदावर मावलं. शिकणाऱ्याला वेल्डिंग करायचं असेल, पोल्ट्री चालवायची असेल, तर करार कसा लिहायचा? डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच प्रश्नाच्या आसपास. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.