डोंगरावरची चूल आणि शिधा

दिवाळी सरली, पहाटेचा गारवा वाढला की आमच्या भागातील तरुण मंडळींच्या पाठीवर सॅक दिसू लागतात. कोणी हरिश्चंद्रगडाला निघतो, कोणी रतनगडाला, कोणी कळसूबाईला. सोमवारी सकाळी त्यांतले दोघे-चौघे दवाखान्यात हजर असतात. कोणाचा पाय मुरगळलेला, कोणाच्या टाचेला फोड, कोणाचे पोट बिघडलेले. यात विशेष काही नाही.

पण मागे एका हिवाळ्यात चौघे मित्र एकदमच आले. वय विशीच्या आसपास. तक्रार एकच. "डॉक्टर, गडावर रात्री पित्त झालं. डोकं फुटेल असं वाटत होतं, उलट्या झाल्या, अजून जड जड वाटतंय." मी विचारले, काय खाल्ले होते? दोघांनी खिचडी खाल्ली होती, एकाने नुसती बिस्किटे, आणि चौथ्याचा शनिवारचा उपास होता. चौघांनी वेगवेगळे खाल्ले आणि चौघांचे डोके एकाच वेळी दुखले, तर ते पित्त कसे? मग विचारले, स्टोव्ह कुठे पेटवला होता? चौघेही एकमेकांकडे पाहू लागले.

झाले असे की वर वारा फार होता. स्टोव्ह विझू लागला म्हणून तो तंबूच्या आत घेतला. थंडी शिरू नये म्हणून तंबूची चेन लावली. स्वयंपाक झाल्यावर ऊब राहावी म्हणून स्टोव्ह मंद आचेवर तसाच ठेवला आणि मंडळी गप्पा मारत आडवी झाली. एकजण लघवीला म्हणून उठला आणि तंबूच्या दारातच कोसळला. त्याच्या पडण्याने चेन उघडी राहिली, वारा आत आला, म्हणून चौघेही सोमवारी माझ्यासमोर बसू शकले.

हा प्रकार कार्बन मोनॉक्साइड या वायूचा. रॉकेल, गॅस, स्पिरिट, लाकूड, कोळसा, काहीही जळताना पुरेशी हवा मिळाली नाही की हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांची चुरचुर नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते, पण या वायूला ते प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. परिणामी माणूस श्वास नीट घेत असतो, आणि मेंदूला व हृदयाला मात्र प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, मग पायांतली शक्ती जाते आणि झोप येते. त्या झोपेतच घात होतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामण येथे थंडीसाठी गॅसचा हीटर लावून बंद खोलीत झोपलेले केरळमधील ८ पर्यटक दगावले, त्यांत ४ मुले होती. तिथे तर तंबू नव्हता, हॉटेलची खोली होती. रात्री घरात कोळशाची शेगडी घेऊन दारे-खिडक्या लावून झोपणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

निळी ज्योत दिसली म्हणजे धोका नाही, असाही एक समज आहे. निळी ज्योत चांगलीच. पण गार पाण्याचे मोठे पातेले ज्योतीला चिकटून ठेवले की ज्योत थंडावते आणि जळण अर्धवट राहते. पिवळी, काजळी धरणारी ज्योत तर उघडच वाईट. आणखी एक गोष्ट. कोविडपासून अनेकांच्या घरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे, काहीजण ते सॅकमध्येही टाकतात. या विषबाधेत ते यंत्र फसवते. वायू चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि आकडा ९८ दिसतो. तेव्हा यंत्र पाहू नका, माणसे पाहा. एका तंबूतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले तर सर्वांना तत्काळ उघड्यावर काढा, मग स्टोव्ह बंद करा. मोकळ्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा होण्यास ४ ते ६ तास लागतात, मास्क लावून शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण तास-दीड तास. म्हणून बेशुद्ध पडलेल्याला, छातीत दुखणाऱ्याला किंवा गरोदर स्त्रीला बरे वाटू लागले तरी खाली रुग्णालयात न्यायचेच. विसरभोळेपणा, चिडचिड अशा तक्रारी कधी कधी दोन-तीन आठवड्यांनीही उद्‌भवतात.

आता स्टोव्ह कोणता घ्यावा? दुकानदार प्रथम स्टोव्ह दाखवतो आणि आपण मग त्यावर काय शिजवायचे ते ठरवतो. माझ्या मते क्रम उलटा हवा. दोन तास शिजणारा बेत असेल तर कोणताही हलका स्टोव्ह अपुरा पडेल आणि मग वाऱ्यापासून वाचवायला तो तंबूत जाईल. पाच मिनिटांत होणारा बेत असेल तर तेच काम दगडाच्या आडोशाला, उकिडवे बसून भागते.

आमच्या पिढीने पितळी पंपाचा स्टोव्ह वाहिला. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी यांनी एव्हरेस्टवर बर्फ वितळवला तो याच जातीच्या प्रायमस स्टोव्हवर. अजूनही तो बर्फाळ भागात भरवशाचा. पण वजन जास्त, पिन मारत बसावे लागते, काकड्याचा भडका उडतो, आणि रॉकेल आता सहज मिळत नाही. पेट्रोल भरून तो पेटवण्याचा उद्योग काहीजण करतात. भाजलेले हात मी पाहिले आहेत, म्हणून सांगतो, करू नका.

सह्याद्रीसाठी मला विचाराल तर डबीवर स्क्रूने बसणारा छोटा गॅस बर्नर उत्तम. बर्नर १०० ग्रॅमच्या आसपास, डबीत २३० ग्रॅम गॅस. आडोसा नीट असेल तर १ लिटर पाणी उकळायला सुमारे १५ ग्रॅम गॅस लागतो. वाऱ्यात हाच खर्च दुप्पट होतो. हिमालयात जाणाऱ्यांनी मात्र डबीवरील मिश्रण वाचावे. नुसता ब्यूटेन शून्य अंशाखाली वायुरूप होत नाही, आयसोब्यूटेन आणि प्रोपेन असलेली डबी हवी. आपल्याकडे ही अडचण येत नाही. आपल्याकडची अडचण निराळी. वारा अडवण्यासाठी पोरे पत्र्याचा आडोसा डबीभोवती गोल गुंडाळतात, किंवा डबीवर सावली धरेल एवढी कढई ठेवतात. उष्णता खाली परावर्तित होते आणि डबी तापून फुटते. डबीला हात लावून पाहावा. चटका बसत असेल तर लगेच बंद. बाजारात मिळणाऱ्या बिनछापाच्या छोट्या टाक्या, ज्या कुठेतरी मागच्या गल्लीत भरून देतात, त्या तर घेऊच नयेत.

स्पिरिटचा स्टोव्ह सर्वांत हलका, पण दिवसा त्याची ज्योत दिसत नाही. विझला समजून वरून स्पिरिट ओततात आणि हाताला, तोंडाला भडका लागतो. पूर्ण थंड झाल्याशिवाय भरायचे नाही. आणि ते स्पिरिट पाण्याच्या बाटलीत कधीही न्यायचे नाही, त्यात मिथेनॉल असले तर घोटभर पोटात जाऊनही दृष्टी जाऊ शकते. लाकडाची चूल अभयारण्यात पेटवायचीच नाही, आणि जिथे कड्याला आग्यामोहोळ लटकते आहे तिथे कसलाच धूर करू नये. धुराने उठलेल्या माश्यांनी फोडून काढलेला माणूस एकदा पाहिला की हे पुन्हा सांगावे लागत नाही.

भाजलेच तर २० मिनिटे साधे पाणी ओतावे. पाणी कमी असेल तर ओले फडके वारंवार बदलावे. टूथपेस्ट, हळद, कॉफी काही नको.

रेल्वेत गॅसची टाकी किंवा रॉकेल नेणे गुन्हा आहे, आणि तो उगाच नाही. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे यात्रेकरूंच्या डब्यात स्वयंपाकासाठी आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागून ९ जण दगावले. एसटीतही असा माल न्यायचा नाही. तेव्हा एका रात्रीचाच बेत असेल आणि एसटीने जायचे असेल तर स्टोव्ह घरी ठेवा. बारी, पाचनई, रतनवाडी अशा पायथ्याच्या गावांत पिठलं-भाकरी मिळते. ती खावी, चार पैसे त्या घरात जावेत, आणि वर जाताना दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ बांधून घ्यावा.

वर शिजवायचेच असेल तर असे पाहा. पाठीवर ओझे घेऊन ६-७ तास चढणाऱ्या माणसाला दिवसाला ३००० कॅलरींच्या पुढे लागतात. कोरडा शिधा माणशी ६०० ते ७०० ग्रॅम. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत, गुळात पावणेचारशेच्या पुढे. खिशातला लाडू हेच दुपारचे जेवण होऊ शकते, स्टोव्ह काढायचे कारण नाही. सकाळी फोडणीचा रवा. घरीच तेलात मोहरी, कढीपत्ता, सुकी मिरची टाकून रवा खमंग भाजायचा, मीठ मिसळायचे, गार झाल्यावर पिशवीत भरायचा. वर वाटीला अडीच वाटी उकळते पाणी, पाच मिनिटे झाकण, झाला उपमा. रात्री मूगडाळ-तांदळाची खिचडी. मुक्कामाच्या तासभर आधी डाळ-तांदूळ रुंद तोंडाच्या डब्यात भिजत घालावेत. उकळी आल्यावर ७-८ मिनिटे शिजवून स्टोव्ह बंद करावा, पातेले झाकणासह घोंगडीत गुंडाळून अर्धा तास ठेवावे. आतल्या वाफेवर ती शिजते. तूरडाळ नको. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळते, आणि ही डाळ तिथे तासभर दाद देत नाही.

उरलेला भात सकाळी फोडणी देऊन खाण्याची आपली घरची सवय डोंगरावर सोडावी. कोमट राहिलेल्या भातात जंतू वाढतात, त्यांचे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. बटाट्याची भाजी, पनीर, ओल्या खोबऱ्याची चटणी हेही दुपारपर्यंत संपवावे.

राहिले पाणी. गडावरच्या टाक्यातले पाणी कितीही निवळशंख दिसो, प्रक्रिया हवीच. आम्ही डॉक्टर पूर्वी २० मिनिटे उकळा म्हणत असू, त्याची गरज नाही. खळखळून १ मिनिट पुरे, २००० मीटरच्या वर ३ मिनिटे. पण हिशेब करा. चार जणांचे दिवसाचे पिण्याचे पाणी १६ लिटर. ते उकळायला एक पूर्ण डबी जाईल. म्हणून चहा-जेवणापुरते उकळावे आणि पिण्याच्या पाण्यासाठी फडक्याने गाळून क्लोरीनच्या गोळ्या वापराव्यात, वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात, अर्धा तास थांबून.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी चढताना साखर अचानक उतरते हे लक्षात ठेवून खिशात ग्लुकोज ठेवावे आणि डोस आधी आपल्या डॉक्टरांना विचारावा. रक्तदाबवाल्यांनी दोन्ही वेळा शेवयांच्या मसाला पाकिटांवर राहू नये, त्यांत मीठ फार असते.

टाचेच्या फोडांविषयी बऱ्याच जणांनी विचारले आहे. ते पुढील आठवड्यात.