उन्हाचा खरखरीत चट्टा व त्याची परीक्षा

पिकावर तांबेऱ्याचा पहिला ठिपका दिसतांच आम्ही शेतकरी सावध होतों. परंतु स्वतःच्या ओठावरील चट्ट्याकडे मात्र वर्षानुवर्षें लक्ष देत नाहीं. म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

उन्हांतील अतिनील किरणांनीं त्वचेच्या वरच्या थरांतील पेशी हळूहळू बिघडतात व तेथें खरखरीत चट्टा उठतो. हा कर्करोग नव्हे. परंतु अशा चट्ट्यांपैकीं थोड्यांचा पुढें कर्करोग होतो. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांनीं १८९४ सालीं उघड्यावर काम करणाऱ्या खलाशांच्या त्वचेवरील असा बिघाड वर्णिला.

गोऱ्या लोकांस हा विकार फार होतो. सावळ्या कातडीस रंगद्रव्याचें संरक्षण असल्यामुळें क्वचित्. तथापि खालच्या ओठावर हें संरक्षण तोकडें पडतें, आणि ज्यांच्या त्वचेंत व केसांत जन्मतःच रंगद्रव्य नसतें त्यांस तें जवळजवळ नसतेंच. अशांस तरुणपणींच कर्करोग होऊं शकतो.

हा चट्टा डोळ्यांपेक्षां बोटास आधीं कळतो. कपाळ, नाक, कानाची वरची कड, टक्कल व हाताची पाठ यांवरून बोट फिरवावें. कांचकागदासारखा खरखरीतपणा लागला, पापुद्रा निघून पुन्हां धरला, तर संशय घ्यावा. नायट्यास बहुधा खाज असते व त्याची कड वाटोळी पसरते; याचें तसें नसतें. ओठ सदैव कोरडा, पांढुरका, सोललेला असेल व त्याची कड पुसट झाली असेल, तर तेंही लक्षण समजावें. तंबाखू वा विडी ओढणाऱ्यांनीं तर अधिकच जपावें.

चट्टा जाड व कठीण होणें, दुखणें, झपाट्यानें वाढणें, रक्त येणें वा जखम न भरणें, यांपैकीं एकही खूण दिसल्यास विलंब करूं नये. अशा वेळीं डॉक्टर लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. निश्चित निदान त्यानेंच होतें. म्हणूनच चट्ट्यावर बिब्बा किंवा चुना लावणें घातक आहे. त्यानें वरचें जळतें, पण खालचा रोग झांकला जातो.

वेळीं कळल्यास उपाय सोपा आहे. कृत्रिम रेतनाचें वीर्य ज्यांत साठवितात, त्याच द्रवरूप नायट्रोजननें चट्टा गोठवितां येतो, किंवा लावावयाचें मलमही मिळतें. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या व भर दुपारीं सावली, इतकें पथ्य मात्र पाळावें. आणि घरांत रंगद्रव्यहीन मूल असल्यास त्यास दुपारच्या उन्हांत शेतावर मुळींच धाडूं नये.