आधी आवळ, मग सोड!

गंजलेला नट आणि रुसलेला माणूस, या दोघांवर जबरदस्ती करू नये, असे आमचे अण्णा म्हणतात. यांतला दुसरा अनुभव प्रत्येक संसारी माणसाला असतोच. पहिला मला यंदाच्या मे महिन्यात चिपळुणात, पाठीवर पडून घ्यावा लागला.

अण्णांची गाडी म्हणजे १९६६ सालची फियाट अकराशे डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाटच्या परवान्याने तयार झालेली, १०८९ सी.सी.ची, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असलेली. अण्णांनी ती १९७९ साली जुनी घेतली. तिच्यातूनच आम्ही गणपतीला आजोळी गेलो, आणि तिच्यातूनच ताईची पाठवणी झाली. पुढे ती शेडमध्ये उभी राहिली. अण्णा दर सुट्टीत म्हणत, "अरे, गाडी एकदा वरच्या आळीत नेऊन ठेवू या." मी म्हणे, "पुढच्या खेपेला नक्की."

ती पुढची खेप आलीच नाही. २२ जुलै २०२१ मात्र आला. वाशिष्ठीचे पाणी शेडमध्ये शिरले ते गाडीच्या काचांपर्यंत चढले. पाणी ओसरल्यावर खाली उरला तो गाळ. अण्णांनी शेडला कुलूप लावले आणि त्या दिवसापासून गाडीचा विषय काढला नाही. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते!

यंदा एप्रिलात त्यांचा फोन आला. "भंगारवाला वजनावर घेतो म्हणतोय. देऊन टाकू का?"

ऐंशीकडे झुकलेल्या माणसाने असा प्रश्न विचारला की तो प्रश्न नसतो. मी म्हटले, "थांबा अण्णा, मी येतो."

मिस्त्रीचाचांनी गाडीखाली बॅटरी मारून पाहिले. अण्णांची आणि त्यांची तीस वर्षांची ओळख. ते म्हणाले, "मास्तर, इंजिनाचं नंतर बघू. मागचे पाटे आधी सुटले पाहिजेत. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पाट्यांचे ब्रॅकेट अंगालाच जोडलेले आहेत. जोर करून ते फाटले, तर भंगारवाल्याला मीच बोलावीन."

म्हणजे सारा खेळ चार बोल्टांवर आला. प्रत्येक पाट्याचे पुढचे टोक, म्हणजे डोळा, एका बोल्टाने ब्रॅकेटमध्ये अडकवलेले असते. मागचे टोक शॅकलला, म्हणजे झुलत्या कडीला. पाटा दबला की लांबतो, आणि त्या लांबण्याला कडी वाट देते. आमच्या कड्या झुलणे विसरल्या होत्या.

गाडी घोड्यांवर चढवली. मी मोठा पाना घेतला, त्यावर पाइप चढवला आणि ओढणार, तोच दारातून आवाज आला, "ए, थांब!" अण्णा खुर्ची टाकून बसले होते. शेडमध्ये त्यांनी पाऊल टाकले ते पुरानंतर प्रथमच.

"गंज म्हणजे नुसता मळ नव्हे," ते म्हणाले. "लोखंड गंजलं की फुगतं." खरेच आहे, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे नट आणि बोल्ट यांच्या आट्यांत जणू पाचर बसते. तशात पिळले तर नट सुटत नाही, बोल्ट तुटतो.

मग अण्णांच्या सांगण्यावरून काम सुरू झाले. तारेच्या ब्रशाने आटे साफ करायचे, पातळ तेल सोडायचे, हातोडीने हलके ठोकायचे आणि सोडून द्यायचे. ठोकल्याने गंजाला बारीक तडे जातात, आणि केशाकर्षणाने तेल त्यांत शिरते. सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस! मी गॅसच्या ज्योतीने नट तापवण्याची गोष्ट काढली, तेव्हा चाचांनी कपाळावर हात मारला. पेट्रोलची टाकी मागेच. रिकामी झाली तरी तिच्यात वाफ असतेच.

चौथ्या दिवशी अण्णा म्हणाले, "आता पाना लाव. पण आधी आवळ, मग सोड." आवळायच्या दिशेने केसभर हलवला की गंजाची पकड मोडते. मी तसे केले. 'कट्' असा आवाज झाला. मला वाटले, तुटला! पण तो सुटला होता. केसभर पुढे, दोन केस मागे, पुन्हा तेल. असे करत दोन्ही शॅकल संध्याकाळपर्यंत हातात आले.

पुढचे बोल्ट मात्र हट्टी. नट निघाला, बोल्ट गोल फिरेना की बाहेर येईना. नुसता स्प्रिंगसारखा मागे येई. डोळ्यात रबराचा बुश असतो आणि त्याच्या पोटात पोलादी नळी. बोल्ट त्या नळीला गंजून एकजीव झाला होता. पिळावे तर रबर पीळ खाई. येथे तेलाची मात्रा चालली नाही. चाचांनी निकाल दिला : डोळा आणि ब्रॅकेट यांच्या फटीतून, दोन्ही बाजूंनी करवतीने कापायचा. दोन बोल्ट, चार काप, दोन दिवस, आणि सात पाती मोडली. खडू धरणाऱ्या हातांना फोड आले. पण ब्रॅकेट शाबूत राहिले!

ही गाडी पुढे पद्मिनी नावाने १९७४ पासून रस्त्यावर आली, म्हणून बुश कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारात मिळाले. पद्मिनीची मुंबईतली अखेरची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली; तिच्या भावंडांचे सुटे भाग अजून फडताळात आहेत.

पाटे चढले. मी उत्साहाने बोल्ट आवळू लागलो, तर पुन्हा "थांब!"

"गाडी अधांतरी असताना बुश आवळू नये," अण्णा म्हणाले. "रबर त्याच जागी धरलं जातं. खाली उतरवलीस की कायमचा पीळ बसेल, आणि वर्षात फाटेल. तिचं वजन तिला घेऊ दे."

चाकांखाली जाड ठोकळे देऊन गाडी उतरवली. मी खाली सरकलो. एवढ्यात दार वाजले आणि पाटे किंचित दबले. अण्णा चालकाच्या जागेवर बसले होते.

"अण्णा, उतरा ना. मी खाली आहे."

"ठोकळे मी पाहिलेत," वरून आवाज आला. "माणसाचंही वजन नको का? आवळ."

मी आवळले. इंजिन अजून चाचांकडे आहे, रंगाचे तर नावच नको. गाडी जागची हललेली नाही. पण वर थरथरते दोन हात स्टिअरिंगवर होते, आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "दिवाळीपर्यंत वरच्या आळीत नेता येईल का रे?"

या खेपेला मी 'पुढच्या खेपेला' म्हटले नाही.