लेहची बॅग भरताना

सुट्टी जवळ आली की घरोघरी माळ्यावरच्या बॅगा खाली येतात. महाबळेश्वर, गोवा, फार तर मनाली, इथपर्यंतची तयारी आपल्याला तोंडपाठ असते. पण आता आपल्या लहान गावांतूनही लेह-लडाखच्या सहली निघतात, आणि तिथे ही तोंडपाठ तयारी पुरत नाही. ‘‘थंडीचे कपडे घेतले की झालं!’’ असं जिला वाटतं, तिने आधी हे लक्षात घ्यावं की लेह म्हणजे मोठं महाबळेश्वर नव्हे. ते वाळवंट आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवरचं. पावसाचे ढग हिमालयाच्या अलीकडेच अडतात, त्यामुळे तिथे वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढा तर आपल्या कोकणात जुलैतल्या एका दिवसात पडून जातो!

म्हणून कपड्यांपासूनच वेगळा विचार हवा. जून-जुलैत दुपारी तिथलं ऊन चटके देतं, सावलीत जरा टेकलं की गारवा लागतो आणि रात्री रजई लागते. पँगाँग तलाव तर ४२०० मीटरच्याही वर. तिथे उन्हाळ्यातही रात्री पारा शून्याजवळ जातो. अशा ठिकाणी एकच जाडजूड स्वेटर कामाचा नाही. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक कपडे हवेत, म्हणजे हवे तेव्हा काढता-घालता येतात. अंगालगत थर्मल, त्यावर पूर्ण बाह्यांचा ड्रेस, मग लोकरीचा स्वेटर आणि सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. साडीची हौस असेल तर एखादी जरूर न्या, पण गोंपांच्या उभ्या पायऱ्या चढायला सलवार-कमीज सोयीची. कानटोपी, हातमोजे, मोज्यांचे तीन-चार जोड घ्या. बूट पायांत रुळलेले हवेत, सहलीसाठी म्हणून आदल्या दिवशी आणलेले नकोत.

ऊन मात्र थंडीइतकंच जपण्याचं. दर हजार मीटर उंचीमागे सूर्याचे अतिनील किरण साधारण दहा-बारा टक्क्यांनी वाढतात. हवा गार असल्यामुळे कातडी भाजतेय हे कळतच नाही, संध्याकाळी आरशात नाक लालबुंद दिसतं तेव्हा कळतं. चांगला गॉगल, मोठ्या काठाची टोपी, सनस्क्रीन यांना पर्याय नाही. कोरड्या हवेने ओठ फुटतात, कुणाकुणाच्या नाकातून रक्तही येतं. व्हॅसलिनची डबी पर्समध्येच असू द्या. खोबरेल तेल न्यायचं तर रुंद तोंडाच्या डबीत न्या. बाटलीतलं तेल थिजलं की बाहेर येत नाही, मग बाटली उन्हात ठेवून वाट बघत बसावं लागतं.

आता खाऊ. चिवड्याची हवाबंद पाकिटं लेहला पोचेपर्यंत उशीसारखी फुगतात. आपण कोपरा कापून, हवा काढून, घट्ट रबर लावून न्यावीत. शाम्पू आणि क्रीमच्या बाटल्या काठोकाठ भरू नयेत, झाकण उघडताच मजकूर बाहेर उडतो. कारण तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोन-तृतीयांशच असतो. त्यामुळे पाणीही ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. गरम पाणी घालून खायचे पोहे-उपमे नेलेत तर जरा जास्त वेळ झाकून ठेवा.

जो दाब पाकीट फुगवतो, तोच आपल्या श्वासातही कमी असतो. दर श्वासाला प्राणवायू कमी मिळतो आणि शरीराला त्याची सवय व्हायला वेळ लागतो. विमानाने गेल्यास तर आपण काही तासांत एवढ्या उंचीवर पोचतो. म्हणून पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती, भरपूर पाणी आणि हलकं जेवण. बाजारसुद्धा नको. सहलीच्या कार्यक्रमात हे दोन दिवस नसतील, तर पैसे भरण्यापूर्वीच मागून घ्या.

आमच्या महिला गटातल्या साठीच्या एक ताई लेहला पोचल्या त्याच दिवशी डोकं धरून बसल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, ‘‘काही नाही गं, पित्त झालंय.’’ रात्री झोप नाही, सकाळी जेवण नको. दुसऱ्या रात्री बसल्या जागी धाप लागली, तेव्हा धावाधाव करून त्यांना दवाखान्यात नेलं. प्राणवायू लावला, दोन दिवसांनी विमानाने खाली पाठवलं. सुदैवाने त्या बऱ्या झाल्या. नंतर म्हणाल्या, ‘‘तुम्हा सगळ्यांच्या मजेवर विरजण नको, म्हणून बोलले नाही.’’

मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींच्या ओठांवर असतं! घरच्या सगळ्यांची बॅग आपण भरतो, मुलांचं खोकल्याचं औषध आठवणीने घेतो आणि स्वतःची रक्तदाबाची गोळी ओट्यावर विसरतो. उंचीवर ही सवय जिवावर बेतू शकते. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप उडणं हे पहिले इशारे. ते असताना आणखी उंचावर मुळीच जायचं नाही. बसल्या जागी धाप, सतत खोकला, चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं दिसलं तर एक क्षणही न थांबता दवाखाना गाठायचा आणि खाली उतरायचं.

रक्तदाब, हृदयविकार, दमा असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. डायमॉक्सची गोळी शेजारणीने घेतली म्हणून आपण घेऊ नये; सल्फाची अॅलर्जी असल्यास ते आधी डॉक्टरांच्या कानावर घालावं. झोपेची गोळीही परस्पर घेऊ नका. रोजची औषधं चार दिवस जादा घ्या आणि विमानात जवळच्याच बॅगेत ठेवा. पाळीची तारीख नसली तरी पॅड घ्या, पँगाँगच्या वाटेवर दुकान शोधत फिरायला नको. मोबाइलची पॉवर बँकही हातातल्या बॅगेतच.

एक गोष्ट मात्र घरीच ठेवायची, ती म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्या. लेहच्या बायकांच्या संघटनेने आग्रह धरला आणि १९९८मध्ये तिथे त्यांच्यावर बंदी आली. वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर जगणारं हे गाव पाणीही मोजून वापरतं. दोन कापडी पिशव्या, पाण्याची आपली बाटली आणि वापरलेले पॅड गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं एवढं नेलं तर त्या बायकांचा भार थोडा हलका होईल. अंघोळीच्या बादल्याही जरा कमीच!

येताना जर्दाळू आणायला बॅगेत थोडी जागा ठेवा. आणि निघण्यापूर्वी गटातल्या सगळ्याजणींनी एकमेकींना शब्द द्या, डोकं दुखलं तर लपवायचं नाही.