अठ्ठेचाळीस तासांची उसंत

रविवारी अमेरिकेत एडिसनला लेकीचं डोहाळजेवण ठरलं होतं. गुरुवारी दुपारी तिचं पोट दुखू लागलं. गॅस असेल म्हणून मी तिला ओव्याचं पाणी दिलं. त्यात दोन तास गेले. संध्याकाळी दर सहा मिनिटांनी कळ यायला लागली तेव्हा निघालो. 29वा आठवडा होता.

रुग्णालयात पोटावर दोन पट्टे बांधले, एक बाळाच्या ठोक्यांसाठी, दुसरा कळांसाठी. औषध लगेच दिलं नाही. वार सुटलेली नाही ना, आत जंतुसंसर्ग नाही ना, बाळ गुदमरत नाही ना, हे आधी पाहिलं. तसं काही असलं तर कळा थोपवणंच घातक. मग निफेडिपीन दिलं. आपल्याकडे ते रक्तदाबाचं औषध! स्नायूंत शिरणारं कॅल्शियम ते अडवतं, त्यामुळे रक्तवाहिन्यांसारखंच गर्भाशयही सैलावतं. म्हणून नर्स सारखा रक्तदाब बघत होती.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, याने दिवस भरणार नाहीत, फार तर 48 तास मिळतील. ते हवे होते बीटामेथासोनसाठी. 12 मिलिग्रॅमचं इंजेक्शन, 24 तासांनी पुन्हा तेवढंच. त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. 1963 साली राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि फुप्फुसांच्या विकाराने 39 तासांत गेला. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी या इंजेक्शनचा गुण 1972 साली दाखवून दिला. केनेडींच्या घरी जे पोहोचू शकलं नाही, ते माझ्या लेकीला दोन मिनिटांत मिळालं.

शनिवारी रात्री कळा वाढल्या. निफेडिपीन थांबवून मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून सुरू केलं, बाळाच्या मेंदूला जपण्यासाठी. लेकीच्या अंगाची आग आग होत होती. नर्स ठरल्या वेळी येऊन गुडघ्यावर हातोडी मारायची, पाय उडतो का बघायची, श्वास आणि लघवी मोजायची. मॅग्नेशियम अंगात फार साठलं तर आधी पायाचं ते उडणं जातं, मग श्वास मंदावतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी होतं. इतकं डोळ्यांत तेल घालून केलेलं काम मी क्वचितच पाहिलं आहे.

रविवारी सकाळी नात झाली. सव्वा किलोची. रडली.

बायांनो, दिवस भरायच्या आधी पोट ठरावीक अंतराने कडक होऊ लागलं, कंबर भरून आली, पाणी किंवा रक्त गेलं, तर ओव्याचं पाणी देत बसू नका. मी बसले होते. त्याच पावली रुग्णालय गाठा.